नियम क्रमांक चौदा

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तीनशे बारा मृत माणसांच्या मोबाईलवर एकच संदेश गेला. ‘आपली नियमित तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. कृपया उपाशीपोटी यावे.’

मृतांपैकी कुणी उत्तर दिलं नाही. उत्तरं आली ती त्यांच्या बायकांची, मुलांची आणि एका म्हाताऱ्या आईची. रुग्णालयाच्या अधीक्षक बाईंनी ती सगळी वाचली. मग संदेश पाठवणाऱ्या कंपनीला त्यांनी एवढंच कळवलं, की शुक्रवारी पाच वाजता मी येते, मला हे करणाऱ्या माणसाचं नाव हवं आहे.

नाव तयार होतं. त्या नावाची बाई शुक्रवारी अकरा वाजता ताईंच्या दारात उभी होती.

ताई कोर्टासाठी हस्ताक्षरं आणि खाडाखोड तपासत असत. निवृत्त झाल्यावर तेच काम त्या खाजगीत करू लागल्या. सोबतीला त्यांच्या दिवंगत धाकट्या बहिणीचे यजमान असत. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ सगळ्यांचे मास्तर होते, फक्त ताईंचे भावोजी. वह्या तपासून आपली नजर तयार झाली आहे असा मास्तरांचा समज होता. ताईंनी तो अद्याप खोडला नव्हता. त्यांना तेवढा वेळ मिळाला नव्हता.

“आज पाच वाजता मला काढून टाकणार आहेत,” ती बाई बसायच्या आधीच म्हणाली. “पत्र टाइप झालंय. नुसतं काढलं असतं तर मी गेले असते. पण ‘मृतांची क्रूर थट्टा’ असं कारण लिहिलंय. तेवढं कपाळावर घेऊन मी दुसरीकडे कुठे काम मागायला जाऊ?”

“तुम्ही केलंत का?”

“नाही. पण सगळीकडे माझंच नाव आहे.”

“बसा,” ताई म्हणाल्या. “आणि मला कळेल असं सांगा. भावोजींना कळलं नाही तरी चालेल.”

बाईने सांगितलं ते असं. कंपनीच्या त्या गटात चौघं. तिघं लिहिणारी आणि एक साहेब. रुग्णालयाच्या माहितीच्या साठ्याला एसक्यूएल नावाच्या भाषेत प्रश्न विचारायचे, की यादी मिळते. यादीतल्यांना संदेश जातात. पण ही भाषा मोठी सोशिक. कशीही लिहा, चालते. एकजण स्वल्पविराम ओळीच्या सुरुवातीला देई, दुसरा सगळं मोठ्या अक्षरांत एका ओळीत कोंबे. कुणाचं लिहिलेलं कुणाला वाचवेना. म्हणून लिहिण्याची एकच पद्धत ठरवायचं काम साहेबांनी हिच्याकडे दिलं.

“सात आठवडे भांडलो आम्ही. स्वल्पविराम पुढे की मागे, यावरून दोन माणसं एकमेकांशी बोलायची थांबली. शेवटी बावीस नियम केले. ते आपोआप लागू करणारी एक सोय मशीनवर बसवली. आम्ही तिला इस्त्री म्हणतो. मला फूटपट्टी म्हणतात. तोंडावर.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी तीन वाजता मी सगळ्या जुन्या फायलींवर एकदम इस्त्री फिरवली. सहाशे चाळीस फायली. इस्त्री ओळी सरळ करते, अक्षर काढत नाही की घालत नाही. तीन बारा वाजता ती संपल्याची नोंद आहे. पण त्याआधीच साहेबांचा फोन आला, आहात तशा बैठकीच्या खोलीत या, सगळ्यांसमोर अभिनंदन करायचंय. मी मशीन उघडं टाकून गेले. पावणेचारला परत आले आणि सगळ्या फायली दाखल केल्या. म्हणून आता प्रत्येक ओळीवर शेवटचा हात माझा दिसतो. चाळीस हजार ओळींवर. आणि त्यातली एक ओळ नाहीशी झाली आहे. मृतांना यादीतून वगळणारी.”

“दाखल करण्याआधी पाहिल्या नाहीत फायली?”

बाई पहिल्यांदाच खाली बघत म्हणाली, “इस्त्रीनंतर प्रत्येक फाईल पुन्हा वाचावी, असा नियम आहे. तिसरा. मीच केलेला. मी वाचल्या नाहीत.”

तिने दोन कागद पुढे ठेवले. एक बावीस नियमांचा, एक त्या फाईलचा. मास्तरांनी फाईलचा कागद आधी ओढला. पाच ओळी होत्या. प्रत्येक ओळीत डावीकडे माहितीच्या रकान्याचं छोटंसं नाव, मग भलीमोठी मोकळी जागा, आणि उजवीकडे अट. उजवे भाग कवायतीतल्या पोरांसारखे एकाखाली एक उभे.

“सुबक आहे,” मास्तर म्हणाले. “पण मध्ये केवढा कागद वाया घालवलाय! या जागेत एक नदी मावेल.”

ताईंनी नियमांचा कागद वाचला. चौदाव्या नियमाशी त्यांचं बोट थांबलं. मास्तरांनी वाकून पाहिलं. ‘उजवे भाग एका रांगेत असावेत. रांग सर्वांत लांब नावाच्या पुढे एक जागा सोडून असावी.’

“हे मशीन स्वतः पाळतं?” ताईंनी विचारलं.

“तंतोतंत.”

“चला भावोजी. चप्पल घाला. नदी नंतर.”

*

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. आत शिरताच समोरच्या भिंतीवर हातभर रुंदीचा बॅनर होता. ‘एका आठवड्यात दहा हजार संदेशांचा टप्पा पार! हार्दिक अभिनंदन!’ बॅनरखाली बसलेल्या माणसांची तोंडं पाहता अभिनंदन दुसऱ्या कुणाचं असावं.

फूटपट्टीला पाहून कुणी मान वर केली नाही. तिच्या टेबलावर कुणीतरी लाकडी फूटपट्टी दोन तुकडे करून ठेवली होती. तिने ते तुकडे उचलले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. तिला याची सवय असावी.

पहिला बोलला तो मोठ्या अक्षरांत लिहिणारा. तो बोलायचाही मोठ्या अक्षरांत. कार्यालयात त्याला कर्णा म्हणत.

“विचारा! काय विचारायचं ते विचारा! मी लपवत नाही, मला ती इस्त्री नको होती!”

“का?”

“का म्हणजे? सगळ्यांच्या मशीनवर बसवलीय मॅडमनी. एक अक्षर बदला, सेव्ह करा, की लगेच सगळं आपोआप सरळ! आपण लिहिलेलं आपल्याच डोळ्यांदेखत परक्याचं होतं. घरी बायको शर्टाची घडी बदलते, इथे या बाई!”

“मॅडमच्या मशीनवरही तसंच?”

“तिच्या तर आधी! सुरुवात स्वतःपासून केली, एवढं मात्र कबूल.”

“सोमवारच्या बैठकीला तुम्ही वेळेवर होतात?”

कर्ण्याचा आवाज थोडा उतरला. “दहा मिनिटं उशिरा गेलो. मुद्दाम. टाळ्या वाजवायच्या नव्हत्या मला.”

“आणि हा बॅनर?”

“साहेबांची हौस. मंगळवारी सकाळी आला. खिळे मीच ठोकले, अंगठ्यावर एक बसला, हा बघा. सात महिने साहेबांना दहा हजारांचा ध्यास लागलाय. आठवड्याला दहा-बारा रुग्ण वाढतात, त्या वेगाने आम्ही पुढच्या वर्षी पोचलो असतो. आता या आठवड्यात पोचलो खरे. दहा हजार त्रेपन्न.”

“गेल्या आठवड्यात किती होते?”

“नऊ हजार सातशे एक्केचाळीस.”

मास्तरांनी तो आकडा वहीत उतरवला. ताई बॅनरकडे बघत होत्या. मास्तरांना वाटलं, त्यांना रंग आवडला नसावा.

*

स्वल्पविराम पुढे देणाऱ्यांना सगळे काका म्हणत. चौदा वर्षं ते त्याच खुर्चीवर होते. त्यांनी ताईंना बसायला सांगितलं, मास्तरांना स्टूल दिलं, आणि फूटपट्टीकडे बोट करून म्हणाले, “तिला बाहेर पाठवा. ती असेल तर मी बोलणार नाही.”

फूटपट्टी आपणहून बाहेर गेली.

“इतका राग? स्वल्पविरामावरून?” मास्तरांनी विचारलं.

काकांनी खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. स्क्रीनवर संदेश होता. ‘आपली नियमित तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.’

“हा माझ्या बायकोचा नंबर. ती जाऊन नऊ वर्षं झाली. नंबर बंद करवत नाही म्हणून मीच चालू ठेवलाय. ती गेली त्या महिन्यातही असाच संदेश आला होता. तेव्हा मी तडक या खुर्चीत येऊन बसलो, आणि मृतांना वगळायची ती ओळ लिहिली. त्या रकान्याला नाव दिलं, सगळ्या साठ्यातलं सगळ्यात लांब. ‘रुग्णाच्या मृत्यूची रुग्णालयाने नोंदलेली तारीख’, असं पूर्ण. म्हटलं, पुढे कुणाच्या नजरेतून सुटायला नको.” ते थांबले. “त्या बाईने सुटू दिली. का कापली, देव जाणे. मी काल दिवसभर तिच्याशी काय बोललो, ते तुम्ही विचारू नका.”

ताईंनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “तुमचा विरोध कोणत्या नियमाला होता?”

“पुष्कळांना. पण चौदाव्याला सगळ्यात जास्त. बैठकीत ओरडून सांगितलं होतं मी, की अहो, रांग लावली की एक लांब ओळ काढल्यावर उरलेल्या सगळ्या सरकवाव्या लागतात. तर म्हणाली, इस्त्री सरकवेल, तुम्ही कशाला घाम गाळता?”

“सोमवारच्या बैठकीत पूर्ण वेळ बसलात?”

“मध्ये दहा मिनिटं उठून गॅलरीत उभा होतो. एकटा. माझ्या बाजूने सांगणारं कुणी नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही.”

बाहेर आल्यावर मास्तर कुजबुजले, “ताई, हा नव्हे. आणि हाच असला तर मला सांगू नका.”

“तुम्हाला मी सांगते कधी? तुम्हीच ऐकता.”

*

साहेबांच्या खोलीत खुर्च्या मऊ होत्या. टेबलावर सही व्हायचं पत्र समोरच होतं, चहाच्या कपाखाली दबलेलं.

“अतिशय दुःखद,” साहेब म्हणाले. “हुशार बाई. पण घाई. सहाशे चाळीस फायली एका दमात! मी म्हटलं होतं, जपून.”

“म्हटलं नव्हतंत,” दारातून फूटपट्टी म्हणाली. “‘सोमवारीच उरका’ म्हणालात. लेखी आहे माझ्याकडे.”

“बघा. हा स्वभाव.” साहेबांनी ताईंकडे पाहून हात पसरले. “गटात कुणाशी पटत नाही.”

“ते बावीस नियम तुम्ही मंजूर केलेत?”

“अर्थात. प्रत्येक पानावर सही आहे.”

“वाचून?”

साहेब हसले. “मुद्दा कळला की पुरे असतं. मी काही आज लिहीत नाही. पण लिहायचो बरं का! आमच्या वेळी साध्या नोटपॅडवर लिहायचो. ना रंग, ना इस्त्री. आजही एखादी फाईल बघायची झाली तर मी नोटपॅडमध्येच उघडतो. या पोरांच्या रंगीबेरंगी भानगडी मला जमत नाहीत.”

“सोमवारी बैठक तुम्ही बोलावलीत. वेळेवर आलात?”

“वीसेक मिनिटं उशीर झाला. फोनवर होतो.”

“कुणाशी?”

“मॅडम, दिवसाला माझे चाळीस फोन होतात.”

ताई उठल्या. “पाचला अधीक्षक बाई येतील तेव्हा सगळ्यांना बसवा. पत्रावर सही मात्र तोवर करू नका. कागद वाया जाईल.”

*

अधीक्षक बाई पाचला पाच कमी असताना आल्या. त्यांनी पाणी नको म्हटलं, खुर्ची घेतली आणि पर्स मांडीवर ठेवून म्हणाल्या, “नाव.”

“पाच मिनिटं द्या,” ताई म्हणाल्या. “कर्णेसाहेब, त्या फाईलची प्रत भिंतीवर दाखवा.”

भिंतीवर त्या पाच ओळी उमटल्या. छोटी नावं, मधली मोठी मोकळी जागा, उजवीकडे सरळ रांग.

“मला यातलं एक अक्षर कळत नाही,” ताई म्हणाल्या. “पण मी आयुष्यभर कागदावरच्या रिकाम्या जागा बघितल्या आहेत. नियम चौदा सांगतो, रांग सगळ्यात लांब नावाच्या पुढे एक जागा सोडून असावी. इथे सगळ्यात लांब नाव केवढं? बोटभर. आणि रांग कुठे? वीतभर दूर. ही रांग या पाच नावांसाठी लागलेलीच नाही. ती लागली तेव्हा इथे सहावं, फार मोठं नाव होतं.”

काका खुर्चीत पुढे सरकले.

“म्हणजे?” अधीक्षक बाईंनी विचारलं.

“म्हणजे इस्त्री फिरली तेव्हा काकांची ओळ जागेवर होती. इस्त्रीने तिच्या मापाने रांग लावली. ओळ गेली ती नंतर. सोमवारी तीन बाराच्या पुढे, आणि या बाई परत येऊन फायली दाखल करीपर्यंत, पावणेचारच्या आत.”

“मग याच बाई नसतील कशावरून?” साहेब म्हणाले. “परत आल्यावर काढली असेल.”

“तेही बघू. कर्णेसाहेब, जुन्या फाईलची प्रत घ्या. ओळ आहे ती. बाईंच्याच मशीनवर, नेहमीसारखी उघडा आणि आधी इस्त्री फिरवून घ्या. ती ओळ काढा आणि सेव्ह करा.”

कर्ण्याने ओळ काढली. सेव्ह केलं. भिंतीवरची रांग झटक्यात डावीकडे सरकली आणि छोट्या नावांना खेटून उभी राहिली. मोकळी जागा नाहीशी झाली.

“अरे!” मास्तर म्हणाले. “नदी आटली.”

“आटली. लिहिणाऱ्या तिघांपैकी कुणीही ओळ काढली असती तर हेच झालं असतं. समोर तीच खिडकी उघडी होती. त्यांना एक बटण दाबायचं होतं, बाकी माग इस्त्रीने पुसला असता. इतका फुकटचा साथीदार हाताशी असताना कुठला लिहिणारा आडमार्गाने जाईल? काका तर सात आठवडे ओरडत होते की लांब ओळ काढली की रांग सरकवावी लागते. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? कर्णेसाहेब या इस्त्रीने रोज गुदमरतात. बाईंनी तर तिला जन्म दिला. मोकळी जागा तशीच राहिली, कारण फाईल जिथे इस्त्री नाही अशा ठिकाणी उघडली गेली. साध्या नोटपॅडमध्ये. आणि ज्याने उघडली त्याला नियम चौदा काय म्हणतो याचा पत्ता नव्हता. या खोलीत बावीस नियमांवर सही करून एकही न वाचलेला माणूस एकच आहे.”

कुणी साहेबांकडे पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

“हे तर्क आहेत,” साहेब म्हणाले. “नोटपॅड प्रत्येक मशीनवर असतं. आणि मी का करीन असं? मला काय मिळणार?”

“बॅनर,” ताई म्हणाल्या.

“काय?”

“दहा हजार पार झाल्याचा बॅनर मंगळवारी सकाळी इथे लागला. या आठवड्याची यादी किती जणांची, हे मशीनने कधी सांगितलं?”

“यादी बुधवारी निघते,” फूटपट्टी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “दर बुधवारी दुपारी.”

“गेल्या आठवड्यात नऊ हजार सातशे एक्केचाळीस. वाढतात दहा-बारा, तेही या आठवड्यात वाढले नाहीत. सोमवारी छापायला देताना टप्पा पार होणार हे तुम्हाला कुणी सांगितलं? भावोजी, तुमच्या आकड्यात तीनशे बारा मिळवा.”

मास्तरांनी वहीत बेरीज केली. दोनदा केली, कारण सगळे बघत होते. “दहा हजार त्रेपन्न.”

“सोमवारी टप्पा ठाऊक असणारा माणूस तोच, ज्याने त्या दुपारी मृतांना यादीत घेतलं. बैठक तुम्हीच बोलावलीत, बाईंना ‘आहात तशा या’ म्हणालात, आणि स्वतः वीस मिनिटं आला नाहीत. दुसऱ्या दोघांचीही दहा मिनिटं रिकामी होती, पण त्यांना ना नोटपॅडची गरज होती ना बॅनरची. दोन्हींची गरज तुम्हालाच होती.”

साहेबांनी गळ्याचं बटण सोडलं. मास्तरांना वाटलं आता ते ओरडतील. पण साहेब कंटाळल्यासारखे बोलले, उशिरा गृहपाठ दिलेल्या पोरासारखे.

“एका आठवड्याचा प्रश्न होता. वरिष्ठांपुढे सोमवारी सादरीकरण आहे. पुढच्या आठवड्यात मी ओळ परत घालणार होतो.”

“पण हीच ओळ का?” अधीक्षक बाईंनी विचारलं. “दुसऱ्या पाच होत्या.”

“दुसरी काढली तर जिवंत लोकांना चुकीचे संदेश गेले असते. ते तक्रार करतात.” साहेबांनी खांदे उडवले. “मेलेल्यांकडून तक्रार येणार नाही, असं वाटलं.”

काका उठले. मास्तर घाईने त्यांच्या आणि साहेबांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. भूगोलाच्या तीस वर्षांत त्यांनी बरीच भांडणं सोडवली होती, पण एवढा उंच विद्यार्थी त्यांच्या वाट्याला आला नव्हता. काकांनी त्यांना हाताने बाजूला केलं, साहेबांसमोर गेले आणि मोबाईल त्यांच्या पुढ्यात धरला.

“उत्तर द्या हिला,” ते म्हणाले. “द्या ना. उपाशीपोटी यायचं का म्हणून विचारतेय.”

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

अधीक्षक बाईंनी कपाखालचं पत्र ओढून वाचलं. “पत्र चांगलं लिहिलंय तुम्ही. कारण, तारीख, सगळं जागच्या जागी. नाव बदला. सही तुमच्या वरच्यांची घ्या, मी त्यांना आत्ताच फोन लावते. आणि तीनशे बारा घरी माफीचं पत्र जाईल. हाताने लिहिलेलं. तुमच्या हाताने. प्रत्येक वेगळं.” मग त्या फूटपट्टीकडे वळल्या. “तुम्ही नियम तीन पाळला नाहीत.”

“नाही.”

“त्याचंही एक पत्र मला द्या.”

“उद्या सकाळी मिळेल,” फूटपट्टी म्हणाली.

खोली रिकामी होऊ लागली. ताई आपले कागद गोळा करत होत्या. मास्तर दारात रेंगाळले, कारण काका आपल्या मशीनपाशी जाऊन उभे होते आणि बसत नव्हते.

“बाई,” काकांनी हाक मारली. काल दिवसभर त्यांनी तिला ज्या नावांनी हाका मारल्या होत्या त्यांत ही नव्हती. “ती ओळ परत घालायची आहे.”

“घाला की. तुमचीच आहे.”

“मी सांगतो, तुम्ही लिहा.”

फूटपट्टी त्यांच्या खुर्चीत बसली. काका मागे उभे राहून ते लांबलचक नाव एकेक शब्द सुटा करून सांगत गेले, आणि ती लिहीत गेली. शेवटच्या शब्दावर ते अडखळले. ती थांबली. त्यांनी तो पुन्हा सांगितला. तिने सेव्ह केलं, आणि मग वरपासून खालपर्यंत सहाच्या सहा ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या.

“बरोबर?”

“बरोबर.” काकांनी चष्मा पुसला. “पण रांग मला अजून पटलेली नाही. चौदावा नियम चूक आहे.”

“लेखी द्या.”

“देणारच आहे. दोन पानं देतो.”

“एका पानात द्या. बाविसावा नियम.”

काकांनी नाकातून जोरात श्वास सोडला. मग शेजारचं स्टूल पायाने ओढलं, त्यावर बसले आणि कोरा कागद पुढे घेतला. स्वतःची खुर्ची त्यांनी परत मागितली नाही.